हजेरीपटावरील माणसे आणि मराठी गोष्ट

कोणत्याही समाजाचे कथावाङ्मय चाळून पाहिले असता त्यात कोण आहे हे चटकन दिसते. कोण नाही, हे मात्र शोधून काढावे लागते. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेव्हा हिंदु विधवेची दुःस्थिती मराठी कादंबरीत प्रथम आली. १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगू लागली. चित्रपटाचेही असेच झाले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर राजा हरिश्चंद्र आणला. १९२५ साली बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी आला. मंडळी एकेक करून आत येत होती. परंतु महाराष्ट्रातच असा एक जनसमूह होता की, ज्याचे नाव गोष्टीच्या पुस्तकात नव्हते आणि सरकारच्या एका दप्तरात मात्र आवर्जून लिहिलेले होते. ते दप्तर म्हणजे पोलिसांचा हजेरीपट होय.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. त्याचे तत्त्व विलक्षण होते. एरवी न्यायासनासमोर एका माणसाचा एक अपराध सिद्ध व्हावा लागतो. येथे सबंध जमातच अपराधी म्हणून जाहीर करता येत असे. मग त्या जमातीतील माणसांची नावे नोंदली जात, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परगावी जावयाचे तर परवाना काढावा लागे. कित्येकांना तर सेटलमेंट नावाच्या कुंपण घातलेल्या वसाहतींत नेऊन ठेवण्यात आले. सोलापूर व हुबळी येथे अशा मोठ्या वसाहती होत्या, आणि सोलापूरच्या वसाहतीतील पुष्कळ माणसे तेथील कापडगिरण्यांत राबत. ज्याने आयुष्यात कोणाची काडीही उचलली नाही, तोही जन्माने त्या यादीत जाई. हजेरीपटात माणसाचे नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. त्याला कशाचे भय वाटते, तो कोणावर माया करतो, हे लिहिण्यास त्यात रकाना नसतो. तो रकाना गोष्टीत असतो. आणि ती गोष्ट कित्येक वर्षे लिहिली गेली नाही. असा माणूस कथानकात आलाच तर रात्रीच्या अंधारात दरोडा घालावयास येई आणि शिपायांनी पकडताच नाहीसा होई.

हा परिपाठ ज्यांनी मोडावयास घेतला, त्यांत श्री. म. माते यांचे नाव प्रथम घेणे उचित होईल. पुण्यात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्या वस्त्यांतून भेटलेल्या आणि रानावनांतून ऐकलेल्या माणसांची शब्दचित्रे त्यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’ या १९४१ च्या पुस्तकात आहेत. पुस्तकाच्या नावातील दुसरा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या वर्गाला अंतरंग असते याचीच पांढरपेशा वाचकाला कल्पना नव्हती, त्याचे ते अंतरंग होते.

त्यानंतर १९५० साली विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ ही कादंबरी आली. या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. १९३३ साली त्यांच्या ‘कळ्यांचे निश्वास’ने सुशिक्षित अविवाहित मुलींची मनःस्थिती उघड केली, तेव्हा ही लेखिका कोण यावरून महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली होती! ‘बळी’चा विषय त्याहून दूरचा होता. मालतीबाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काही वर्षे अधिकारी म्हणून काम केले होते, आणि कुंपणाच्या आतील संसार त्यांनी रोजच्या व्यवहारात पाहिला होता. दिवाणखान्यात बसून अशी कादंबरी लिहिता आली नसती. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. लेखिकेला सायंकाळी कुंपणाबाहेर पडता येत होते. पात्रांना येत नव्हते.

नऊ वर्षांनी, १९५९ साली, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांग कुटुंबात १९२० साली जन्मले. शाळेचा त्यांना फारसा लाभ झाला नाही. मुंबईस येऊन त्यांनी गिरणीत आणि मिळेल तेथे मजुरी केली. वारणाकाठचा जो फकिरा सरकारी दप्तरात दरोडेखोर होता, तोच त्यांच्या कादंबरीत दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा आणि सरकारी खजिन्यावर हात टाकणारा नायक झाला. घटना तीच, माणूसही तोच. पाहणारा मात्र अंगणाच्या दुसऱ्या बाजूस उभा राहिला आणि सारा अर्थ पालटला. या कादंबरीला १९६१ साली महाराष्ट्र राज्याचे पारितोषिक मिळाले, आणि पुढे ती पडद्यावरही आली.

त्यापुढची पायरी १९८० साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने गाठली. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या आणि टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाची ही आत्मकथा होय. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले. जो शब्द गाव शिवीसारखा वापरीत असे, तोच लेखकाने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांना कादंबरी म्हणता येत नाही हे खरे. पण त्यानंतर या जमातींविषयी मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही पूर्वीसारखे अंदाजाने लिहिणे शक्य राहिले नाही. ज्याच्याविषयी लिहावयाचे, तो आता स्वतःच वाचक आणि परीक्षक होऊन समोर बसला होता.

चित्रपटाला येथवर पोहोचावयास आणखी तीस वर्षे लागली. याचे कारण उघड आहे. कागद आणि शाई स्वस्त असते. चित्रपटास भांडवल लागते, आणि भांडवल ओळखीच्या चेहऱ्यांवरच विश्वास ठेवते. २०१३ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पूर्ण झाला आणि पुढील वर्षी चित्रगृहांत लागला. मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. ज्या जिल्ह्यात एकेकाळी सेटलमेंटचे कुंपण होते, त्याच जिल्ह्यातून हा चित्रपट करणारा माणूस आला. फँड्री हा कैकाडी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. शाळेत जाणारा जब्या, त्याचे मुके प्रेम, आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम नाइलाजाने पत्करणारा त्याचा बाप, एवढेच कथानक. जब्याची भूमिका सोमनाथ अवघडे या हलगी वाजविणाऱ्या खेड्यातील मुलाने केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारी माणसे जागच्या जागी उभी राहतात. डुक्कर मात्र निघून जाते. ज्यांच्या आजोबांना परवान्यावाचून गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांचे हे नातू राष्ट्रगीतासाठी हातातले काम सोडून उभे राहतात, आणि भोवतीचे गाव त्यांची मजा पाहते. असा प्रसंग बाहेरून पाहणाऱ्याला सुचणे कठीण आहे. शेवटी चिडलेला जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ प्रेक्षकाच्या रोखाने येतो. शहरातील सुखवस्तू प्रेक्षक येथे चपापला, आणि ते योग्यच झाले. दुरून पाहून हळहळण्याची सवय असणाऱ्याला, आपणही त्या गावातलेच आहोत, हे तेव्हा कळले.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याने त्याने आपापल्याच जातीची आणि आपल्याच अनुभवाची गोष्ट लिहावयाची म्हटले, तर मग कल्पनाशक्तीचे कार्य ते काय उरले? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. यमूचे दुःख हरिभाऊंनी पुरुष असून लिहिले, आणि ते खोटे ठरले नाही. माते आणि मालतीबाई यांनी दार उघडण्याचे धैर्य केले, त्याचेही मोल कमी नाही. लेखकाने परक्याच्या घरात जाऊ नये असा नियम कोणी केला, तर वाङ्मयाचे दिवाळे निघेल. मात्र आत जाण्याचा हक्क जसा एकाला, तसा बाहेर येऊन बोलण्याचा हक्क दुसऱ्याला हवा. पंचक्रोशीतील सर्व घरांचे वर्णन एकाच घरातील माणसे करीत बसली, तर ती कितीही सहृदय असोत, त्यांना न दिसणाऱ्या गोष्टी राहतातच. ‘बळी’ आणि ‘उपरा’ यांपैकी एक निवडून दुसरे टाकून द्यावे, असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तरच कुंपणाची दोन्ही अंगे दिसतात.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा आहे, असेही कोणी समजू नये. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा त्या मुक्ततेचा दिवस म्हणून या जमाती आजही पाळतात आणि स्वतःस विमुक्त म्हणवितात. कायदा गेला, परंतु संशय गेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविली, तेव्हा विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजण्याची रीतही त्याने निषिद्ध मानली. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगण्याची वेळ यावी, यावरून एका हजेरीपटाची छाप समाजाच्या मनावर किती खोल उमटते, याची कल्पना येईल.

ती छाप पुसण्याचे काम न्यायालयाचा निकाल एकट्याने करू शकत नाही. घराच्या दारात टोपल्या विकावयास आलेल्या बाईला पाहून गृहिणी आतले दार लावून घेते, तेव्हा तिच्या मनात कोणतेही कलम नसते; लहानपणी ऐकलेली एक गोष्ट असते. ज्या घरातील मुलांनी ‘उपरा’ वाचले आहे, त्या घरात निदान दुसरी एक गोष्ट आठवणीत राहील. त्या बाईला पाणी विचारावयास तेवढी पुरेशी आहे.