एका उद्गाराचा प्रवास

सिंहगडाची गोष्ट मराठी मुलाला सांगावी लागत नाही, ती त्याला आधीच ठाऊक असते. यशवंती घोरपड, कापलेले दोर, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणि शेवटी महाराजांचा तो उद्गार. 4 फेब्रुवारी 1670 च्या त्या रात्रीचे सर्वांत जवळचे मराठी कथन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. ती घटनेनंतर तीसेक वर्षांच्या आत, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. तीत यांपैकी काय सापडते?

घोरपड नाही. दोन मावळे वानरासारखे कडा चढून जातात, एवढेच. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. शेलारमामा उदेभानाला मारत नाही, तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. कमलकुमारी तर हरिभाऊ आपट्यांची. कादंबरीला नायिका हवी, त्यात गैर काही नाही. त्याच कादंबरीवर 1933 साली शांतारामबापूंचा ‘सिंहगड’ आला आणि पुढच्या पिढ्यांना प्रसंग दिसला तो पडद्यावरचा.

पण उद्गाराचे काय? सभासदाच्या बखरीत सिंह नाहीच. तिथे महाराज म्हणतात त्याचा आशय असा, की एक गड हाती आला आणि दुसरा गेला. दोन्हीकडे गडच. 1826 मध्ये ग्रँट डफ इंग्रजीत इतिहास लिहितो, तेव्हा त्यात सिंहाची गुहा आणि मेलेला सिंह आलेले असतात. आपट्यांनी त्या कल्पनेला कादंबरीचे नाव करून टाकले, आणि तानाजीमुळेच कोंढाण्याचा सिंहगड झाला अशी समजूत घट्ट झाली. वास्तविक 1663 सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आहे.

नावाची चूक किरकोळ आहे. मला सलते ते दुसरेच. सिंह एकटा असतो, पराक्रमी असतो. गडाच्या आश्रयाला माणसे असतात. माणसाला गड म्हणणारा राजा शौर्याहून वेगळे काहीतरी मोजत होता. आपण घेतला तो सिंह.

दोरांचेही तसेच. व्याख्यानांतून, हल्ली कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतूनही, ‘दोर कापून टाका’ हा धडा दिला जातो. परतीची वाट बंद केली की माणूस लढतो! डफच्या इतिहासात सूर्याजी पळणाऱ्यांना दोर नष्ट झाल्याचे सांगतो खरा. सभासदाचा सूर्याजी मात्र भाऊ पडल्यावर हिंमत धरतो, लोक सावरतो आणि लढाई पुरी करतो. कोंडलेली माणसे लढतात, आणि सावरलेली माणसेही लढतात. कुणाचा सरदार होणे अवघड, हे ज्याने दहा माणसे तरी सांभाळली आहेत त्याला विचारावे. कल्पिताने शिकवू नये असे मी म्हणत नाही. शिवाजी महाराजांची ओळख मला आपट्यांनीच करून दिली. तक्रार एवढीच, की अधिक कठीण धडा बखरीत होता आणि कल्पिताने सोपा उचलला.

बखरीतला आणखी एक तपशील गोष्टीत क्वचितच येतो. गड घेतल्यावर मावळ्यांनी वरच्या पागेला आग लावली. तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसला आणि फत्ते झाल्याचे त्यांनी ओळखले. जासूद तानाजीची बातमी घेऊन पोचला तो दुसऱ्या दिवशी.