सातबाऱ्यावरचा कंस

पनवेल तालुक्यात जमिनीचा जुना हाती लिहिलेला सातबारा समोर आला की जाणत्याची नजर आधी कंसाकडे जाते. खातेदार वारला, जमीन विकली, सोसायटीचं कर्ज फिटलं, तरी तलाठी ती नोंद पुसून टाकत नसे. तिला कंस करी, नवं नाव खाली लिही आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात टाकी.

या लिखाणाचं कूळ मुंबई इलाख्यातलं. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835च्या सुमारास इंदापुरात मोजणी सुरू केली, तिच्यातून सर्व्हे नंबर आणि आकार, म्हणजे सारा, ठरले. जमिनीवर हक्क कुणाकुणाचा, हे नोंदवण्याचा कायदा मात्र 1903चा. नमुना 7 म्हणजे हक्क, नमुना 12 म्हणजे पिकं. दोन्ही एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द रुळला. बदलांची खरी वही वेगळी: गाव नमुना 6, फेरफार.

कंस वाढत गेले की पान वाचता येईना. म्हणून साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. कंसातलं गाळून फक्त चालू नावं नव्या पानावर उतरत. सॉफ्टवेअर लिहिणारे बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये हेच करतात, वीस बारीक बदलांचा एक सुटसुटीत बदल करतात. तिथे गाळलेले टप्पे कालांतराने झाडले जातात. नमुना 6 झाडायचा नसतो, आणि या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

कारण उतरवताना एखादी बहीण, एखादं कूळ सुटतं. महसूल संहितेचं कलम 155 असा हस्तदोष दुरुस्त करू देतं, पण मूळ नोंद दाखवावी लागते. पनवेलला हे फार लागतं. 1970 पासून सिडकोच्या नवी मुंबईसाठी इथली भातशेती गेली. त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका भूखंड मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना. शेत राहिलं नाही, तरी आजोबांचं नाव शोधावंच लागतं.

2020 नंतरच्या संगणकीय नमुन्यात कंसावर आडवी रेघही आली, जुने फेरफार क्रमांक शेवटच्या वेगळ्या चौकटीत गेले. वारस तिथूनच सुरुवात करतो. एका क्रमांकावरून आधीच्या क्रमांकावर, मग सातबाऱ्याआधीच्या कडईपत्रकापर्यंत. आणि अक्षर मोडी निघालं, तर वाचणारा माणूस शोधायला.