सोबतीने कापलेले हजार मैल

मोटारमालकांच्या क्लबांनी आखलेला दूरचा सामूहिक प्रवास ही आज हौसेची आणि फुरसतीची गोष्ट मानली जाते. परंतु तिच्या उगमाकडे पाहिले तर ही प्रथा हौसेइतकीच, किंबहुना हौसेहून अधिक, गरजेतून जन्माला आल्याचे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार हे यंत्र इतके बेभरवशाचे होते, आणि वाटेत इंधन, सुटे भाग किंवा जाणता कारागीर मिळण्याची शक्यता इतकी थोडी होती, की एकट्या मोटारीने शे-दोनशे मैलांच्या प्रवासाला निघणे धाडसाचे ठरे. चारजणांनी मिळून निघण्यात त्यामुळे व्यावहारिक शहाणपण होते. या प्रवासांना आणखी एक उद्देश होता, तो म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, मोटारीविषयी संशय बाळगणाऱ्या समाजाची खात्री पटवणे. ब्रिटनमध्ये १९०० साली झालेली ‘हजार मैलांची चाचणी’ हे या दोन्ही उद्देशांचे सर्वांत ठळक उदाहरण होय, आणि आजच्या मोटारक्लबांच्या प्रवासांची घडण समजून घ्यायची तर तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

त्याआधीच्या ब्रिटिश कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित वाहनांवर, म्हणजे त्या काळी मुख्यतः वाफेवर चालणाऱ्या अवजड इंजिनांवर, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल अशी वेगमर्यादा घातली होती, आणि वाहनाच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत असला पाहिजे अशी अट लादली होती. निशाणाची सक्ती १८७८ मध्ये सैल झाली, तरी पुढे चालणाऱ्या माणसाची अट कायम राहिली, आणि हलक्या मोटारी बनू लागल्यावरही त्यांना अवजड इंजिनांचेच नियम लागू होत राहिले. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी नवा कायदा अमलात आला. त्याने हलक्या वाहनांची या अटीतून सुटका केली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत नेली, जी प्रत्यक्ष नियमावलीत १२ मैलांवर आणण्यात आली. त्याच दिवशी, पावसाळी हवेत, तीसेक मोटारी लंडनहून ब्रायटनकडे निघाल्या. निघण्यापूर्वीच्या न्याहारीच्या वेळी अर्ल ऑफ विंचिल्सी यांनी लाल निशाण फाडले, आणि हा प्रवास ‘मुक्तिप्रवास’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या मुक्तिप्रवासाचे श्रेय देताना इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे. त्याचे आयोजन हॅरी लॉसन या भांडवल उभारणाऱ्या व्यावसायिकाच्या ‘मोटार कार क्लब’ने केले होते, आणि नावाने क्लब असलेली ही संस्था वस्तुतः लॉसन याने विकत घेतलेल्या पेटंटांचा व्यापार वाढवण्याचे साधन होती. अनेक गाड्या ब्रायटनपर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि पोहोचलेल्यांपैकी एक आगगाडीने आणून वर चिखल फासून उभी केली होती, असा प्रवाद तेव्हापासून चालत आला आहे. खुद्द लॉसन पुढे १९०४ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरला. या क्लबापासून दूर होऊन फ्रेडरिक सिम्स यांनी १८९७ मध्ये ‘ऑटोमोबाइल क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड’ स्थापन केला. हाच क्लब १९०७ मध्ये राजाश्रय लाभून ‘रॉयल ऑटोमोबाइल क्लब’ झाला. मालकांचे हित आणि विक्रेत्यांचे हित निराळे आहे, हे ओळखून स्थापन झालेली ही संस्था होती, आणि सामूहिक प्रवासाला विश्वासार्हता येण्यास ही वेगळेपणाची जाणीव फार उपयोगी पडली.

क्लबाचे चिटणीस क्लॉड जॉन्सन हे प्रदर्शनांच्या आयोजनात मुरलेले गृहस्थ होते. मोटारींची शर्यत भरवण्यापेक्षा त्या सर्वसाधारण वेगाने देशभर फिरवून शहराशहरांत लोकांना जवळून पाहू द्याव्यात, असा त्यांचा विचार होता, आणि वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी पैशाचा भार उचलल्यामुळे तो प्रत्यक्षात येऊ शकला. जॉन्सन यांनी मार्गाची आधी स्वतः पाहणी केली. लंडनहून ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, केंडल आणि कार्लाइल या वाटेने उत्तरेला एडिंबरापर्यंत जायचे आणि न्यूकॅसल, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम या वाटेने परतायचे, असा तो मार्ग होता. पुढे कुणी चालून गेलेले नसताना मुक्काम, इंधनाचे साठे, गाड्या उभ्या करण्याच्या जागा आणि दुरुस्तीची सोय यांचा असा आगाऊ हिशेब मांडणे हीच या प्रवासाची खरी कामगिरी होती, कारण आज कोणताही क्लब दूरच्या सहलीपूर्वी जे करतो त्याचा आराखडा येथे प्रथमच पूर्णपणे आखला गेला.

२३ एप्रिल १९०० रोजी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरजवळून ६५ वाहने निघाली. पहिल्याच सकाळी रेडिंगजवळच्या काल्कट पार्क येथील आपल्या घरी हार्म्सवर्थ यांनी सर्वांना न्याहारी दिली, आणि संध्याकाळपर्यंत मंडळी ब्रिस्टलला पोहोचली. मोठ्या शहरांत एकेक दिवस थांबून गाड्या प्रदर्शनात मांडल्या जात; ज्या लोकांनी मोटार कधी पाहिलीच नव्हती त्यांना ती हात लावून पाहता येई, मालकाला प्रश्न विचारता येत. वेगाचा कायदा मोडला जाऊ नये म्हणून सरासरी वेगाची कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये ताशी १२ मैल आणि स्कॉटलंडमध्ये १० मैल ठेवलेली होती, आणि गाडीचा थांबा, बिघाड व वेळ यांची टिपणे ठेवण्यासाठी निरीक्षक नेमलेले होते. टॅडिंग्टन, शॅप, डनमेल रेझ आणि बर्कहिल येथील चढणींवर स्वतंत्र चाचण्या घेण्यात आल्या, कारण सपाटीवर धावणारे इंजिन चढणीवर दम तोडते की नाही, हाच त्या काळी मोटारीच्या बळाचा खरा निकष होता. वेलबेक येथे ड्यूक ऑफ पोर्टलंड यांच्या खाजगी आवारात, जेथे सार्वजनिक रस्त्याचा कायदा लागू नव्हता, वेगाची चाचणी झाली, आणि तीत चार्ल्स रोल्स यांनी आपल्या १२ अश्वशक्तीच्या पानार मोटारीने ताशी ३७ मैलांहून अधिक वेग गाठला. क्लबाचे सुवर्णपदक त्यांनाच मिळाले.

या गाड्यांची रचना ध्यानात घेतली म्हणजे प्रवासातील कष्टांचा अंदाज येतो. अनेक गाड्यांत ठिणगीऐवजी ‘हॉट ट्यूब’ पद्धत होती, म्हणजे सिलिंडरला जोडलेली प्लॅटिनमची बारीक नळी बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवून तिच्या उष्णतेने इंधनवायू पेटवला जाई. वाऱ्याने ज्योत विझली की इंजिन थांबे. काही गाड्यांत इंजिनाचे बळ चामड्याच्या पट्ट्याने चाकांकडे जाई, आणि पावसात पट्टा भिजला की तो घसरू लागे. वळण घेण्यासाठी कित्येक गाड्यांना चक्राऐवजी नावेच्या सुकाणूसारखा दांडा होता. एका गाडीची वळण घेण्याची यंत्रणा न्यूकॅसलच्या वाटेवर मोडली, तेव्हा चालक माँटेग्यू ग्रॅहॅम-व्हाइट यांनी बाहेर पाय टाकून पुढच्या चाकाच्या तुंब्यावर तो रेटत, पन्नासएक मैल गाडी वळवत नेली. मोटार चालवणाऱ्या एकमेव स्त्री लुईझ बॅझलगेट यांच्याकडे अवघ्या ३ अश्वशक्तीची बेंझ होती, आणि तशा गाडीने हे चढउतार पार करणे म्हणजे चिकाटीची कसोटीच होती. लंडनला १२ मे रोजी परतलेल्या गाड्यांची संख्या निघालेल्यांच्या निम्म्याच्या आसपास होती. कायद्याने खिळवून ठेवलेल्या देशात आणि नवख्या यंत्रांनी मिळवलेले हे यश अल्प म्हणता येणार नाही.

परंतु या चाचणीचे सर्वांत मोठे फलित पदकांच्या यादीत सापडत नाही. तीन आठवडे एकमेकांची पंक्चरे काढत, इंधन वाटून घेत आणि संध्याकाळी एकाच जेवणाला बसत प्रवास केलेल्या या माणसांमधून पुढे ब्रिटिश मोटारउद्योगाची एक पिढी घडली. स्वतः बनवलेली वुल्झली गाडी हाकणारे हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढली. एडवर्ड केनर्ड यांची नेपिअर मोटार चालवणारे एस. एफ. एज यांनी पुढे त्या नावाला शर्यतींत कीर्ती मिळवून दिली, आणि त्यांच्यासोबत मदतनीस म्हणून आलेला सेंट जॉन निक्सन हा मुलगा मोठेपणी मोटारींच्या इतिहासाचा लेखक झाला. डेमलर गाडी घेऊन सहभागी झालेले विद्युत अभियंते हेन्री एडमंड्स यांचा दुवा तर विशेष महत्त्वाचा ठरला, कारण रोल्स आणि हेन्री रॉइस यांची मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात ४ मे १९०४ रोजी झालेली भेट त्यांनीच घडवून आणली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचा व्यवहार पुढे क्लॉड जॉन्सन यांनी सांभाळला. रोल्स, एडमंड्स आणि जॉन्सन हे तिघे १९०० च्या त्या प्रवासात एकत्र होते. ओळखीचा हा धागा वगळला तर रोल्स-रॉइसची कथा अपुरी राहते.

या प्रवासाचा आदर्श लवकरच भारतात पोहोचला. जमशेटजी टाटा हे मुंबईतील अगदी सुरुवातीच्या मोटारमालकांपैकी एक होते, आणि शहरात मोटारी येऊ लागल्यापासून दशकही उलटले नव्हते तोच ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्ली ते मुंबई अशी, आठशे मैलांहून अधिक अंतराची, सामूहिक चाचणी भरवली, जी नव्या वर्षाच्या आरंभी मुंबईत संपली. धुळीचे कच्चे रस्ते आणि घाटांतील वळणे यांमुळे येथील कसोटी इंग्लंडहून निराळी होती, आणि मोटारी घेऊ इच्छिणाऱ्या संस्थानिकांचे तिच्याकडे लक्ष होते. पुढे १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ने मोटारमालकांच्या संघटनेचे काम नियमित स्वरूपात हाती घेतले.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल झाली, वाहनांना नोंदणी क्रमांक आणि चालकांना परवाने आले, आणि मोटारमालकांचा झगडा आता खुद्द पोलिसांशी सुरू झाला. रस्त्याच्या कडेला लपून ठरावीक अंतरावर वेळ मोजणाऱ्या पोलिसांची आगाऊ सूचना देण्यासाठी १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ निघाली. तिचे सायकलस्वार सभासदांच्या गाडीला सलाम करीत, आणि न्यायालयाने अशा सूचना बेकायदा ठरवल्यावर सलाम न होणे हीच धोक्याची खूण मानली जाऊ लागली. त्यानंतर पेट्रोल पंप, नकाशे, दुरुस्तीची दुकाने आणि विश्वासार्ह इंजिने यांनी सोबतीची जुनी गरज क्रमाक्रमाने संपवली. जिथे एकट्याला जाता येते तिथे घोळक्याने कशाला जायचे, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर जुन्या गाड्यांनी दिले, आणि या इतिहासातील हा भाग सर्वांत समाधान देणारा आहे. १९२७ मध्ये एका वृत्तपत्राने १८९६ च्या मुक्तिप्रवासाची आठवण म्हणून लंडन ते ब्रायटन हा प्रवास पुन्हा भरवला, आणि १९३० मध्ये त्याचे आयोजन रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे आले. त्याच वर्षी, प्रवास संपल्यावर ब्रायटनच्या ‘ओल्ड शिप’ हॉटेलात ‘व्हेटरन कार क्लब’ या, अतिजुन्या मोटारींच्या पहिल्या क्लबाची कल्पना निघाली. लंडन ते ब्रायटन या प्रवासात कुणी पहिला येत नाही. ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला सारखेच पदक मिळते, आणि १९०४ अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. ज्या गाडीत बसून कुणीही निश्चिंत राहू शकत नाही अशी गाडी जाणूनबुजून निवडल्यामुळे मागच्या पिढीची परस्परमदत पुन्हा आवश्यक झाली: चढणीवर थांबलेल्या गाडीला अनोळखी हात लागू लागले, आणि बाजारात न मिळणारा सुटा भाग दुसऱ्या सभासदाच्या कार्यशाळेत घडू लागला. १९५३ च्या ‘जेनेव्हीव्ह’ या चित्रपटाने, ज्यात १९०४ ची एक दारॅक मोटार मध्यवर्ती आहे, हा छंद सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचवला. हा छंद श्रीमंतांपुरता राहिला असता तर तो दोन पिढ्यांत संपला असता. तो टिकला, कारण गाड्या ठीक करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान त्याला मिळत राहिले, आणि या कारागिरांची नावे मालकांच्या नावांइतकी जपली गेली नाहीत, ही या इतिहासाची मोठी उणीव आहे.

भारतात हा प्रवाह ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या जुन्या मोटारींच्या रॅलीपासून दिसतो. काही वर्षांतच तिची कोलकात्यातील आवृत्ती सुरू झाली, आणि मुंबईतही अशा गाड्यांच्या मालकांचे क्लब उभे राहिले. संस्थानिकांच्या आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या गोदामांतून बाहेर काढून चालत्या करण्याचे श्रेय या क्लबांना जाते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी वेगळे नोंदणी-नियम लागू केले आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे ठरवली. या नियमांनुसार अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तिला बाहेर पडण्याची जी मोजकी कारणे मान्य आहेत त्यांत प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांबरोबर जुन्या मोटारींच्या रॅलीत सहभाग हे कारण स्वतंत्रपणे नमूद केलेले आहे.