घराचं काम आणि गावाची नजर

आज आम्ही घराबद्दल बोलणार आहोत. घर दुरुस्त करायचं तर पैसा कसा बेतायचा, आणि मिस्त्री भरवशाचा आहे हे कसं ओळखायचं? प्रश्न आजचा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना आम्ही बरंच मागे गेलो. आपल्या सासू-आजेसासूच्या काळात, आणि मग ज्या रात्री मराठवाड्यातल्या हजारो भिंती कोसळल्या, त्या रात्रीपर्यंत.

आधी आमच्याच गटातली गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज घेऊन घराचं काम काढलं. सगळे मिळून ६०,००० रुपये. मिस्त्री म्हणाला, सामान महाग होतंय, आधी ४०,००० द्या. ताईंनी दिले. त्याने जुने पत्रे उतरवले, एक भिंत पाडली आणि दुसऱ्या गावाला कामावर गेला. आज येतो, उद्या येतो. रोहिणी गेल्या, मृग लागला आणि पाऊस आला. उघड्या घरात ज्वारीची पोती भिजली. दिवाळीनंतर ताईंना ऊसतोडीला जायचं होतं. म्हाताऱ्या सासूबाई आणि दोन लेकरं कुणाच्या छपराखाली ठेवायची, हा घोर लागला. शेवटी गटातल्या आम्ही सगळ्यांनी उभं राहून काम पुरं करून घेतलं, पण खर्च ६०,००० वर थांबला नाही. त्या दिवसापासून आम्ही विचारात पडलो. पूर्वी लोक घरं बांधत, तेव्हा सुतार असा मधेच निघून का जात नसे?

आपल्याकडचं जुनं घर म्हणजे माळवद. त्याचं माप खणात. ‘पाच खणाचं घर आहे’ एवढं म्हटलं की सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला घराची ऐपत कळायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर किलचा, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडाच्या आणि मातीच्या, हातभर नाही तर दोन-दोन हात रुंद. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब.

हे घर बांधायला सुतार, लोहार, पाथरवट, वडार अशी किती तरी माणसं लागत. सुतार-लोहार गावचे बलुतेदार असत. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिलं, त्यात ही बलुत्याची पद्धत सविस्तर सांगितली आहे. सुताराने वर्षभर नांगर, तिफण, गाडी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला धान्याचा वाटा न्यायचा. घराचं नवं काम असलं तर त्याची मजुरी वेगळी ठरायची. पण माणूस तोच. आज तुमच्या घराची तुळई वाकडी बसवली, तर उद्या खळ्यावर तुमच्याच समोर उभं राहायचं आहे, हे त्याला ठाऊक असे. काम आधी आणि वाटा मागून, असा तो हिशेब. शिवाय तुळई खचली तर गावभर बोभाटा.

मात्र त्या काळाचे गोडवे गाणंही बरोबर नाही. बलुतं जातीने ठरलेलं होतं. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचं. तळाच्या जातींनी सगळ्यात जड काम करायचं आणि खळ्यावर सगळ्यात शेवटी, हात पसरून उभं राहायचं. ती व्यवस्था गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर गावाची नजरही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आपण उभं केलं नाही. पुढे पैशाचा व्यवहार आला. कामं गुत्त्याने दिली जाऊ लागली. गुत्तेदार तालुक्याचा, मिस्त्री भलत्याच गावचा, मजूर तिसऱ्याच. काम बिघडलं तर धरायचं कुणाला?

माळवदात बायांचं काम पुष्कळ असे. भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, आणि पावसाळ्याच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची. कुठे गळतं, कुठे उंदरांनी पोखरलं, कोणती भिंत पोट काढते, हे सगळ्यात आधी घरातल्या बाईला कळायचं. पण घर दुरुस्तीचा पैसा किती आणि कुणाला द्यायचा, हे ओसरीवर पुरुष ठरवत. गळती ठाऊक असलेली बाई आत, आणि पैशाचा निर्णय बाहेर.

दरवर्षी टाकलेली ती माती साठत गेली. जुनी न काढता वर नवी टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. छप्पर जड होत गेलं. आणि खालच्या भिंतींचं काय? पुष्कळ ठिकाणी त्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन पदरांच्या रचलेल्या होत्या. मधे माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातलेलाच नव्हता. बाहेरून भिंत रुंद आणि दणकट दिसायची, पण तिचे दोन पदर एकमेकांना धरून नव्हते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. दमून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, अशी गावंच्या गावं खाली बसली. सरकारी मोजणीप्रमाणे जवळपास ८,००० माणसं गेली. धक्के आपल्या बीड जिल्ह्यातही जाणवले. त्या दिवसांत लोक अंगणात झोपत होते, हे आमच्यातल्या मोठ्या बायांना चांगलं आठवतं.

पुष्कळ घरांत एक गोष्ट दिसली. सुताराने उभे केलेले खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या, आणि भिंती कोसळून माणसं त्याखाली गेली होती. भिंतीत आरपार दगड न घालण्याची किंमत लोकांनी जीव देऊन मोजली. म्हणून आम्ही म्हणतो, मिस्त्री कसा आहे हा नुसता पैशाचा प्रश्न नाही.

ज्या गावांचं फार नुकसान झालं ती सरकारने नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं पडली नव्हती, फक्त तडकली होती. तिथे जुनं घर जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायचं ठरलं. अशी सुमारे २ लाख घरं होती. नुकसान पाहून १७,००० किंवा ३४,००० रुपये मिळत. रक्कम एकदम हातात पडत नसे. काम पुढे सरकेल तसा पुढचा हप्ता. माळवदावरची जादा माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीट घालायचं, कोपरे बांधायचे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपा टेकू द्यायचा, अशी ती कामं.

योजना कागदावर चांगली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. जुन्या घरात झोपायचीच भीती. पैसे कसे मिळणार, कुणाला भेटायचं, हे कुणी सांगेना. तेव्हा १९९४ साली सरकारने ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सोबत घेतलं. प्रेमा गोपालन यांची ही संस्था. तिने गावातल्या महिला मंडळांना हाताशी धरलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत एकेका बाईला ‘संवाद सहायक’ नेमलं.

या बाया कोण होत्या? तुमच्या-आमच्यासारख्याच. शेतात जाणाऱ्या, काही थोडं शिकलेल्या. त्यांनी घरोघर जाऊन योजना समजावली. बैठका घेतल्या. काम चालू असताना जाऊन पाहिलं, लोखंड किती घातलं, सिमेंट किती आलं. इंजिनिअरला प्रश्न विचारले. अडलेला हप्ता घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेल्या. ओसरीवरचा हिशेब पहिल्यांदाच बायांच्या वहीत आला. २००१ साली २६ जानेवारीला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा यातल्याच काही बाया कच्छमधल्या बायांना आपला अनुभव सांगायला तिकडे गेल्या. कुठे सास्तूर आणि कुठे भुज!

मैत्रिणींनो, आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. खळ्यावर सुताराला वाटा मिळायचा तो काम झाल्यावर, आणि गावासमोर. १९९४ मध्ये हप्ता मिळायचा तो काम झाल्यावर, आणि गावातल्या बाईने पाहिल्यावर. पैसा कामाच्या मागून चालला आणि कुणाची तरी नजर राहिली, की साधा मिस्त्रीसुद्धा भरवशाचा होतो. आमच्या ताईंच्या बाबतीत पैसा पुढे गेला आणि पाहायला कुणी नव्हतं.

खरं म्हणजे आगाऊ पैशाची ताकद बीडच्या बाईला शिकवायला नको. मुकादम उचल देतो आणि कोयता बांधून घेतो. ज्याच्या हातात उचल पडली तो बांधला गेला, हे आपण पाहतो. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र उलटं होतं. उचल आपण देतो आणि बांधलेही आपणच जातो. कारण उचल फेडून घ्यायला मुकादमाकडे माणसं असतात, आपल्याकडे कोण आहे? आपल्याकडे गट आहे. तो वापरायला हवा.

आमच्या गटाने आता काय ठरवलं आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, कामाची वेळ. ऊसतोडीहून परत आल्यावर पाडव्यापासून मृगापर्यंतच काय ते दिवस. म्हणून सामानाचा भाव आणि मिस्त्रीचा शब्द आधीच घ्यायचा. छप्पर उघडायचं ते सगळं सामान दारात आल्यावरच.

दुसरी, बेत. कागदावर वेगवेगळे रकाने करायचे: सिमेंट, वाळू, लोखंड, पत्रे, मजुरी, वाहतूक, पाडलेला मलबा टाकणं, पाणी, चहापाणी. वाळू-खडी ब्रासवर मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीत खरंच किती आली हे टेपने मोजायचं: लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार. आणि १० रुपयांतले दीड-दोन रुपये बाजूला ठेवायचे. जुनी भिंत उघडली की आत काय निघेल ते कुणी सांगू शकत नाही. कर्जाचं व्याजही घराच्या खर्चातच धरायचं. शेकडा २ रुपये महिना दराने ५०,००० घेतले तर दर महिन्याला १,००० रुपये व्याज. काम एक महिना रखडलं की हजार गेले.

तिसरी, मिस्त्री निवडणं. दोघा-तिघांकडून भाव घ्या. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेलं घर पावसाळ्यात जाऊन पाहा, नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं. आणि त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून गेलेल्या बाईला विचारा. घमेलं तिच्या डोक्यावर असतं. मालात सिमेंट किती पडतं, भिंतीवर पाणी मारतो का, शनिवारी मजुरी देतो का, हे तिला माहीत असतं. जो बिगारी बाईची मजुरी बुडवतो, तो तुमचंही काम बुडवणार.

चौथी, पैसा. काम रोजाने आहे की गुत्त्याने, हे लिहून ठेवायचं. सामान शक्यतो आपणच आणायचं आणि पावती ठेवायची. मजुरीचे टप्पे पाडायचे: पाया, चौकटीपर्यंत भिंत, छप्पर, गिलावा. टप्पा झाला, गटातल्या दोघींनी पाहिला, की त्याच दिवशी पैसे. त्यात आपणही उशीर करायचा नाही. मिस्त्रीचंही पोट हातावर आहे. शेवटचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस पाहून द्यायचा, हे आधीच बोलून ठेवायचं.

आज घरकुल योजनेतही असंच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे पैसे मिळतात तेही टप्प्याटप्प्याने, बांधकामाचा फोटो गेल्यावर. पण फोटोत भिंत दिसते, भिंतीच्या आतलं दिसत नाही. तिथे बाईच उभी पाहिजे.

आणि एक सांगायचं राहिलं. ज्या घरासाठी कर्ज फेडायचं, त्याच्या कागदावर आपलं नाव आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लागू शकतं. २००३ सालापासून सरकारचं ‘घर दोघांचे’ हे धोरण आहे. उद्याच ग्रामपंचायतीत विचारा.

आमच्या त्या ताई यंदाही ऊसतोडीला गेल्या. जाताना सासूबाईंना म्हणाल्या, “आता पाऊस आला तरी जागं राहू नका.” तुमच्या गटात कुणाचं काम निघालं असेल, तर तिला एकटीला मिस्त्रीशी बोलू देऊ नका. दोघी-तिघी सोबत जा.