तंबाखूतील ओलावा आणि कायद्याची नजर

हुक्क्यासाठी गूळ वा काकवी घालून मळलेल्या तंबाखूला आपल्याकडे गुडाखू म्हणत. त्या गुळाचे काम केवळ गोडी आणण्याचे नव्हते. गूळ ओलावा धरून ठेवतो. कोरडे पान भरभर पेटते, त्याचा धूर तापतो आणि घशाला झोंबतो. ओलसर पान सावकाश जळते व धूर सौम्य लागतो. शिवाय साखर जळताना जी आम्ले निर्माण होतात, ती धुरातील क्षारांचा तिखटपणा कमी करतात. अपाय मात्र कमी होत नाही. घसा जी सूचना ठसक्याच्या रूपाने देतो, ती तेवढी दबून जाते.

अशा मिश्रणांकडे कायद्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडात तंबाखूवरील जकात वजनावर आकारली जात असे. १८४० साली पार्लमेंटने जुने निर्बंध सैल केले आणि इतर झाडांची पाने वगळून कारखानदारांना वाटेल ते मिसळण्याची मोकळीक दिली. लागलीच साखर व काकवी तंबाखूत शिरली, आणि त्यांच्या आश्रयाने पाणीही शिरले. जकात न भरलेले वजन तंबाखूच्या भावाने विकले जाऊ लागले. दोनच वर्षांनी, १८४२ साली, नवा कायदा होऊन काही अपवाद सोडता पाण्याखेरीज अन्य मिश्रणास बंदी झाली. ही तत्परता कोणाच्या घशासाठी नव्हती. सरकारी तिजोरीला गळती लागली होती, म्हणून होती.

घशाचा प्रश्न आला तेव्हा कायद्याची चाल कशी मंदावली, हे अमेरिकेत दिसले. सिगारेटच्या तंबाखूत ओलाव्यासाठी ग्लिसरीन घालीत. ते तापले की त्यापासून अ‍ॅक्रोलीन नावाचा झोंबणारा वायू होऊ शकतो. १९३३ च्या सुमारास फिलिप मॉरिस कंपनीने ग्लिसरीनऐवजी डायएथिलीन ग्लायकॉल योजले आणि आपली सिगारेट घशाला कमी त्रास देते, असा पुकारा केला. आधार होता कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या, सशांच्या डोळ्यांवरील प्रयोगांचा. त्या संशोधनास पैसा कंपनीचाच होता. इतर संशोधकांनी शंका घेतली, तरी जाहिराती चालूच राहिल्या. फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली ती १९४२ साली, आणि तीही वर्षानुवर्षे रेंगाळली.

दरम्यान त्याच द्रव्याचे दुसरे रूप जगाने पाहिले होते. १९३७ साली अमेरिकेत एका औषधात ते विद्रावक म्हणून वापरले गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले, दगावली. न्यायाच्या दृष्टीने सांगायचे, तर सिगारेटमधील अल्प मात्रा आणि पोटात घेतलेले औषध यांची बरोबरी करता येत नाही. पण कायद्याची अवस्था पाहा: विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन उत्पादकावर नव्हतेच. ‘एलिक्सिर’ म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असावयास हवा आणि तो नव्हता, एवढ्याच खोट्या नावाच्या दोषावर खटला उभा राहिला! १९३८ चा नवा कायदा आला तो वरातीमागून घोडे या न्यायाने.

हा धडा दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले, ते याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली.

पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: जी गोष्ट एका पक्षाच्या खास माहितीतील असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच पक्षावर असतो. तंबाखूत काय मिसळले आणि ते जळल्यावर त्याचे काय होते, हे मिसळणाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हा उत्तर देण्याचा भारही त्याच्याच शिरावर असला पाहिजे. सौम्य लागणाऱ्या धुराने ओढणाऱ्याचे समाधान झाले, एवढ्याने त्याची सुटका होऊ नये.