लस टोचल्यावर फोड, पुरळ आली? घाबरायचं कधी, थांबायचं कधी

लवळे (ता. मुळशी) : बाळ जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, कधी पू येतो आणि काही आठवड्यांत व्रण राहून बरा होतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यावर हळद, चुना, मलम लावू नका, फोड पिळू नका. खूण उठली नाही तरी लस पुन्हा घ्यावी लागत नाही. काखेत गाठ आली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पेंटाव्हॅलंट लसीनंतर मांडीला लाली, सूज येते. बारीक गाठ काही आठवडे राहू शकते. चोळू नका. गोवर-रुबेला लसीनंतर ७ ते १२ दिवसांनी ताप, बारीक पुरळ येऊ शकते. साधारण दोन दिवसांत जाते.

धोका कधी? लसीनंतर थोड्याच वेळात अंगभर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं, बाळ निपचित पडणं. म्हणूनच अर्धा तास केंद्रावर थांबवतात. घरी असं झालं तर लगेच १०८ ला फोन करा.

काहीही वेगळं दिसलं तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा, त्याची सरकारी नोंद होते. त्यांना विचारल्याशिवाय पुढचा डोस चुकवू नका.