पोटमाळ्यावरची रॅकेट

पुण्यात एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की सगळ्यात आधी पोटमाळे रिकामे होतात. पितळी भांड्यांचा प्रश्न लगेच सुटतो, मोडीचा भाव ठरलेला असतो. पुस्तकं वाचनालयाकडे नाहीतर रद्दीत जातात. मग ट्रंकेच्या मागून लाकडी चौकटीत आवळलेली टेनिसची रॅकेट निघते आणि घर तिथे अडतं. आजोबा जिमखान्यावर खेळायचे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ठेवायची की विकायची, यावर मात्र एकमत होत नाही.

या शहरात रॅकेट फार जुनी आहे. विलायतेत मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचं पेटंट १८७४ साली घेतलं. त्याच सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी बॅडमिंटनमध्ये रंगले होते. त्या खेळाला काही काळ ‘पूना’ हेच नाव होतं आणि १८७३ च्या आसपास त्याचे नियमही इथेच कागदावर उतरले. पुढे १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना उभा राहिला. साहेबाच्या क्लबात ज्याला प्रवेश नव्हता, त्या मराठी मध्यमवर्गाला खेळायला हक्काची जागा मिळाली. ऑफिसातून घरी येऊन, चहा घेऊन कोर्टवर जायचं, हा अनेक घरांचा नेम झाला. पोटमाळ्यावरच्या रॅकेटी बहुतेक त्याच पिढ्यांच्या.

त्या सगळ्या पुरुषांच्याच असतील असंही नाही. पंडिता क्षमा राव मूळच्या पुण्याच्या. तुकारामांच्या गाथेचं संपादन करणारे शंकर पांडुरंग पंडित हे त्यांचे वडील. क्षमाबाईंनी संस्कृतात विपुल लेखन केलं, तुकारामांचं चरित्रही लिहिलं, आणि टेनिसही तितक्याच तयारीने खेळल्या. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तेव्हा माळ्यावर वजनाने हलकी, बारीक मुठीची रॅकेट सापडली, तर ती आजोबांचीच होती असं धरून चालू नये. आजीबद्दल विचारावं.

रॅकेट हातात घेतली की आधी शिक्के वाचावेत. मुठीच्या वर, गळ्यापाशी, कारखान्याचं नाव असतं. बारीक अक्षरांत वजनाची खूण आणि मुठीचं माप असतं. डनलॉप मॅक्सप्लाय किंवा स्लॅझेंजर असं नाव दिसलं की घरच्यांना खजिना सापडल्यासारखं वाटतं. पण याहून बोलका शिक्का सियालकोटचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रीडासाहित्याचा धंदा तिथे फोफावला होता. फाळणीनंतर त्यातले कितीतरी कारागीर आणि मालक निर्वासित होऊन जालंधर आणि मेरठला आले. तिथे त्यांनी शून्यातून कारखाने उभे केले. त्यामुळे भारतातल्या घरात सियालकोटचा शिक्का असलेली रॅकेट निघाली, तर ती बहुधा १९४७ पूर्वीची, आणि जालंधरची असेल तर बहुधा नंतरची. एका शिक्क्यावरून घराला काळाचा अंदाज येतो आणि एका उद्ध्वस्त झालेल्या, पुन्हा उभ्या राहिलेल्या धंद्याची खूणही हाती लागते.

आता ती चौकट. तिला प्रेस म्हणत. एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या दोन लाकडी चौकटी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू आणि प्रत्येकावर बोटांनी फिरवायचा नट. खेळून आलं की रॅकेट पुसायची, प्रेसमध्ये सरकवायची आणि चारही नट सारखे आवळायचे. एक कोपरा जास्त आवळला गेला तर चौकट तिरपी व्हायची. लाकूड पाणी धरतं आणि पुण्याचा पावसाळा जून ते सप्टेंबर हवेत ओल ठेवतो. प्रेसशिवाय राहिलेली रॅकेट एका पावसाळ्यातच पीळ घ्यायची. गटिंगचे, म्हणजे रॅकेटीत विणलेल्या तारांचे, हाल तर त्याहून वाईट. त्या काळचं चांगलं गटिंग जनावरांच्या आतड्यापासून बनवलेलं असे. ओल लागली की ते फुगे, मग त्याचे तंतू सुटत. म्हणून पारखताना रॅकेट डोळ्यासमोर आडवी धरून कड बघावी. ती आजही सरळ असेल तर वर्षानुवर्षं कुणीतरी रोज ते चार नट मन लावून आवळले होते. हा पुरावा कुठल्याही शिक्क्याइतकाच मोलाचा आहे.

पुण्याच्या टेनिसचा सगळ्यात मोठा क्षण लाकडाच्या शेवटच्या बहराच्या काळातला. सप्टेंबर १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या उपांत्य लढतीसाठी सोव्हिएत संघ पुण्यात आला. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने त्यांना ३-१ असं हरवलं. भारत अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदी राजवटीच्या देशाशी खेळणार नाही, अशी ठाम भूमिका भारताने घेतली आणि चषक सोडून दिला. त्या स्पर्धेचा अंतिम सामना न खेळता निकाली निघण्याची ही एकमेव वेळ. भारताला त्या अंतिम फेरीत नेणारा विजय पुण्याच्या कोर्टवरचा होता, हे पुणेकरांनी अधिक अभिमानाने सांगायला हवं.

त्याच वर्षी जुलैत जिमी कॉनर्सने पोलादी रॅकेटीने विम्बल्डन जिंकलं होतं. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची अॅल्युमिनियमची रॅकेट आली. लाकडी रॅकेटीचं हेड साधारण ६५ चौरस इंचांचं, हिचं ११०. मग ग्राफाइट आलं. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत लाकडाला शेवटचं विजेतेपद जॉन मॅकेन्रोने १९८१ साली मिळवून दिलं. दोन वर्षांनी यानिक नोआने लाकडी रॅकेटीने फ्रेंच ओपन जिंकली आणि मोठ्या स्पर्धांतलं लाकडाचं पर्व संपलं. शंभर वर्षं चाललेली वस्तू दहाएक वर्षांत निरुपयोगी झाली. कुणी ती मोडून टाकली नाही. ती नुसती माळ्यावर चढली.

किंमत फारशी येत नाही याचं कारणही हेच. नामांकित कंपन्यांच्या लाकडी रॅकेटी प्रचंड संख्येने बनल्या आणि जगभरातल्या घरांत तशाच पडून राहिल्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अशी रॅकेट भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणूनच घेतली जाते. दुकानाच्या किंवा हॉटेलच्या सजावटीसाठी कुणी दोन-चार एकदम उचलतो. संग्राहक पैसे मोजतो ते वेगळ्या गोष्टींसाठी. एकोणिसाव्या शतकातली, हेड एका बाजूला कललेली रॅकेट असेल, किंवा ती कुणी, कुठे, कधी वापरली याचा कागद असेल, तर गोष्ट निराळी. शंभर वर्षांहून जुनी असल्याची शंका असेल आणि ती परदेशी विकायची असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याला दाखवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात तेवढी जुनी वस्तू बाहेर पाठवायला बंदी येऊ शकते.

ज्याच्या रॅकेटीला नावाचा पुरावा लागत नव्हता, तोही ठेवायची की विकायची या निर्णयात अडकला होता. २००६ साली ब्यॉन बोर्गने आपण जिंकलेले विम्बल्डनचे पाचही चषक आणि दोन रॅकेटी लंडनच्या बॉनहॅम्सकडे लिलावाला दिल्या. मॅकेन्रोसह जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याला फोन करून समजावलं आणि त्याने सगळं परत घेतलं.

पुण्याला जपणं नवं नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवायला घेतल्या तेव्हा त्या घराघरांतल्या साध्या वस्तू होत्या. आज त्या वस्तूंसाठी लोक शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयात येतात. क्रिकेटच्या बॅटींसाठी रोहन पाटे यांनी सहकारनगरमध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय उभं केलं. त्याचं उद्घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते झालं. टेनिसच्या वाट्याला असं घर येईपर्यंत ही जबाबदारी कुटुंबांवरच आहे. चार रॅकेटी निघाल्या तर सरळ कडेची, प्रेससकट असलेली एक ठेवावी, बाकीच्या खुशाल द्याव्यात. पण घरातलं जे माणूस अजून सांगू शकतं त्याच्याकडून नाव, क्लब आणि साल विचारून प्रत्येकीच्या मुठीला चिठ्ठी बांधावी, विकायच्या रॅकेटीलासुद्धा. हे काम सोसायटीची चावी बिल्डरकडे जाण्याआधी, सगळे एकत्र जमलेले असतानाच करून घ्यावं.